समजतं सगळं, पण बोलताना जीभ अडते: नवी भाषा आणि मनातली भीड

पानगळ

नवी भाषा शिकणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. वाचलेलं कळतं, ऐकलेलं बऱ्यापैकी कळतं, पण समोर माणूस आला की शब्द पळून जातात. त्यावर ‘लाजू नका, बिनधास्त बोला’ एवढाच सल्ला मिळतो. ज्याला भीड नाही त्यालाच तो पाळता येतो. बाकीच्यांच्या पदरी एवढंच पडतं की आपला स्वभावच कमी पडतोय. माझ्या मते यात स्वभावाचा वाटा थोडा आणि मांडणीचा जास्त आहे. कुणाशी, कशाबद्दल, किती वेळ आणि कितव्यांदा बोलायचं हे बदललं की भीडही बदलते.

आधी डोक्यात काय चालतं ते बघू. बोलताना तीन कामं होतात: काय सांगायचं ते ठरवणं, त्यासाठी शब्द आणि व्याकरण जुळवणं, आणि ते उच्चारणं. मातृभाषेत शेवटची दोन आपसूक होतात. नव्या भाषेत दुसरं कामच सगळं लक्ष खाऊन टाकतं. अशा वेळी ‘मी चुकतोय, यांना काय वाटत असेल’ हा विचार आला, की त्या मोजक्या लक्षातलाच वाटा तो घेतो. म्हणून काल पाठ असलेला शब्द आज ऐन वेळी सापडत नाही.

त्यात वेळेचं गणितही विरुद्ध जातं. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकी निघाली. उलट, चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नाव मातृभाषेत उच्चारायलाही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. नव्या भाषेत ऐकण्यातच सगळं लक्ष गुंतलेलं असल्यामुळे हे जमत नाही आणि फट लांबते. ती लांबलेली फट शिकणाऱ्याला स्वतःच्या मठ्ठपणाची खूण वाटते. खरं तर ती फक्त कामाचा क्रम दाखवते.

हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकतानाची चिंता मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ३३ ते १६५. त्यांनी चिंतेची तीन अंगं सांगितली: बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक काय म्हणतील याची धास्ती. आपली कोणती हे आधी ओळखा, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. परीक्षेची धास्ती असलेल्याला संभाषण-गटात ढकलून काही साधत नाही.

शिकणारे आणि शिकवणारे दोघांनीही लिहावं.

घडीव

मांडणी पटली, पण एक सावधगिरी. भीतीमुळे भाषा अडते की भाषा कच्ची म्हणून भीती वाटते, हा वाद जुना आहे. स्पार्क्स आणि गॅन्शॉ यांचं म्हणणं असं की बऱ्याच जणांची मूळ अडचण ध्वनी ओळखणं, ध्वनी आणि अक्षर जोडणं यातली असते. चिंता तिच्यामागून येते. हॉर्विट्झ यांनी उलट दाखवून दिलं की पुढच्या टप्प्यावरचे, चांगली प्रगती असलेले विद्यार्थीही घाबरतात. माझ्या मते दोन्ही प्रकारची माणसं असतात आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो हे तपासल्याशिवाय उपाय निवडू नये.

तपासणी तासाभरात होते. दोन मिनिटांची एक ध्वनिफीत घ्या, जिचा लेखी मजकूर उपलब्ध आहे. आधी न थांबवता एकदा ऐका आणि जे कळलं ते मातृभाषेत चार ओळींत लिहा. मग हवं तिथे थांबवत, मागे नेत ऐका आणि त्या ओळी सुधारा. त्यानंतर मजकूर वाचा. मग मजकूर बाजूला ठेवून तीच माहिती नव्या भाषेत एकट्यानं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. शेवटी तेच एखाद्या माणसाला सांगा.

मजकूर वाचूनही नीट कळला नाही तर शब्द आणि व्याकरण कमी पडतंय. भीडेवर काम करून फरक पडणार नाही. वाचून कळलं पण ऐकून नाही, तर कान तयार नाही. दोन्ही जमलं आणि एकट्यानंही सांगता आलं नाही, तर शब्द ओळखीचे आहेत पण बोलण्यात आलेले नाहीत. आणि एकट्यानं छान जमलं, माणसासमोर कोसळलं, तरच ती या धाग्यातली भीड. मॅकइंटायर आणि गार्डनर यांनी १९९४ मध्ये चिंतेचा परिणाम आवक, प्रक्रिया आणि जावक अशा तीन टप्प्यांवर वेगवेगळा तपासला होता. वरची घरगुती पद्धत त्याच विचाराची आहे.

यात हमखास होणारी चूक म्हणजे मजकूर फार कठीण निवडणं. दर ५० शब्दांमागे एखादाच अनोळखी शब्द हवा. त्याहून जास्त असले तर सगळ्याच पायऱ्यांवर अडखळायला होतं आणि निदान काहीच हाती लागत नाही.

नदीकाठ

समजा तपासणीत शेवटचीच पायरी कोसळली. एकट्यानं बोलता येतं, माणसासमोर नाही. मग सुरुवात कुठून करायची? गटात गेलं की नेमके ज्यांना भाषा जास्त येते तेच बोलत राहतात आणि बाकीचे माना डोलावतात.

पानगळ

@नदीकाठ, गट ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. गटात ऐकणारे अनेक, विषय हातात नाही, आणि मध्ये शिरायला ती सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची फट. तिन्ही गोष्टी एकदम विरुद्ध.

सुरुवात एका माणसापासून करा. मॅकइंटायर, क्लेमाँ, डोर्न्याई आणि नोएल्स यांनी १९९८ मध्ये ‘बोलायची तयारी’ सहा थरांच्या पिरॅमिडसारखी मांडली. अगदी वर प्रत्यक्ष बोलणं, त्याखाली बोलायची तयारी. तिच्या लगेच खाली दोनच गोष्टी आहेत: ठरावीक माणसाशी बोलावंसं वाटणं आणि त्या क्षणापुरता आत्मविश्वास. स्वभाव आणि भोवतालचं समाजचित्र तळाशी. तळ हलवायला वर्षं जातात. वरचे थर आज बदलता येतात. ‘लोकांशी बोलायचं’ असं न ठरवता ‘या एका माणसाशी या एका गोष्टीबद्दल’ असं ठरवा.

त्यासाठी सगळ्यात कामाची पद्धत म्हणजे ४-३-२. मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. एक विषय घ्या. पहिल्या ऐकणाऱ्याला तो ४ मिनिटांत सांगा, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २. मजकूर तोच, माणूस नवा, वेळ कमी. पहिल्या फेरीत काय सांगायचं हे ठरवण्यात लक्ष जातं. दुसऱ्या फेरीत ते काम झालेलं असल्यानं लक्ष शब्दांकडे वळतं. तिसऱ्या फेरीत वाक्यं अखंड बाहेर पडू लागतात, आणि बोलणाऱ्याला स्वतःला ते ऐकू येतं. सल्ल्यातून न मिळणारा पुरावा इथे मिळतो: दहा मिनिटांपूर्वी अडखळणारा मीच, आणि आता न अडखळणाराही मीच.

ही पद्धत बिघडते कुठे? आधी सगळं लिहून काढलं की ते वाचन होतं. कागदावर पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नको. ऐकणाऱ्यानं मध्येच सुधारलं की वेळेचा ताण आणि चुकीचा ताण एकत्र येतात, म्हणून ऐकणाऱ्याचं काम फक्त ऐकणं. प्रत्येक फेरीला विषय बदलला तर पद्धतीचा गाभाच गेला. ऐकणारा तोच ठेवला तर दुसऱ्यांदा त्याला नवं काही सांगायचं नसतं आणि बोलणं निर्जीव होतं. तीन माणसं मिळत नसतील तर पहिल्या दोन फेऱ्या रेकॉर्डिंगवर करा, पण शेवटची माणसासमोरच.

अनुस्वार

चुका सुधारण्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. शिकवणाऱ्यांचा इरादा चांगला असूनही भीड इथेच वाढते, किंवा सुधारणा वाया जाते.

मराठी शिकणारी एक व्यक्ती म्हणते, ‘माझा पुस्तक हरवला.’ शिक्षक सहानुभूतीनं म्हणतात, ‘अरेरे, पुस्तक हरवलं? कुठे हरवलं?’ वाक्य दुरुस्त झालं, पण शिकणाऱ्याला ऐकू आली ती सहानुभूती आणि पुढचा प्रश्न. तो ‘बसमध्ये’ म्हणतो आणि ‘हरवला’ तसंच डोक्यात राहतं. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षकांच्या सुधारणांपैकी ५५ टक्के याच प्रकारच्या निघाल्या, आणि त्यांपैकी फक्त ३१ टक्के सुधारणांवर विद्यार्थ्याकडून काहीतरी प्रतिसाद आला. सगळ्यात सौम्य वाटणारी पद्धत लक्षातच येत नाही.

दुसरं टोक म्हणजे थेट थांबवणं: ‘माझा नाही, माझं. पुस्तक नपुंसकलिंगी.’ चूक कळते, पण गोष्ट तुटते, आणि सगळ्यांसमोर असेल तर तो माणूस पुढचं वाक्य आखूडच बोलतो.

मधला रस्ता असा: त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या. मग त्याचंच वाक्य अर्धं म्हणून थांबा, ‘माझं पुस्तक…?’ आणि पुढचं त्याला भरू द्या. ‘हरवलं’ हा शब्द त्याच्या तोंडून यायला हवा. त्याच अभ्यासात, उत्तर विद्यार्थ्याकडूनच काढून घेणाऱ्या अशा सूचनांना प्रत्येक वेळी प्रतिसाद मिळाला होता. आणि एका वेळी एकच प्रकारची चूक घ्या. आज लिंग घेतलंत तर काळ आणि विभक्ती सोडून द्या. मनाला जड वाटलं तरी सोडून द्या.

शिकणाऱ्यांनीही हे मागून घ्यावं. ‘माझ्या चुका सुधारा’ असं मोघम सांगू नका. ‘मी बोलणं संपवल्यावर, फक्त क्रियापदाच्या चुका, जास्तीत जास्त तीन’ असं सांगा. कधी आणि किती सुधारणा येणार हे माहीत असलं की प्रत्येक वाक्यागणिक समोरच्याचा चेहरा वाचत बसावं लागत नाही.

अजून एक, वर्गातल्यांसाठी. प्रश्न विचारल्यावर किती थांबता ते एकदा मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तो वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ती मुलं मातृभाषेत किंवा शाळेच्या सवयीच्या भाषेत बोलत होती. नव्या भाषेला तर याहून जास्त थांबायला हवं.

कंदील

स्वप्रतिमेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. प्रेरणेचा उगम मला तिथे दिसतो.

गार्डनर आणि लँबर्ट यांनी १९५९ मध्ये माँट्रियलमधल्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांच्या फ्रेंच शिकण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दोन प्रकार रूढ झाले: त्या लोकांमध्ये मिसळावं म्हणून शिकणं, आणि नोकरी किंवा परीक्षेसाठी शिकणं. पुढे डोर्न्याई यांनी हंगेरीत १९९३, १९९९ आणि २००४ अशा तीन फेऱ्यांत १३,००० हून जास्त किशोरवयीन मुलांची पाहणी केली. तिथल्या बहुतेक मुलांच्या आसपास ‘मिसळायला’ इंग्रजी बोलणारा समाजच नव्हता, तरी ओढ होती. मग ओढ कशाची? पुढे आपण कोण असू, या चित्राची. २००५ मध्ये त्यांनी याची तीन भागांत मांडणी केली: व्हावंसं वाटणारा मी, व्हायला हवा असा इतरांनी ठरवलेला मी, आणि शिकण्याचा रोजचा अनुभव.

पहिल्या दोघांतला फरक कामाचा आहे. हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलं की आजचा मी आणि हवासा मी यांच्यात अंतर पडलं तर माणूस खट्टू होतो. आजचा मी आणि कर्तव्याचा मी यांच्यात पडलं तर अस्वस्थ, धास्तावलेला होतो. त्यामुळे शिकणाऱ्याची भावना नीट पाहिली तर कोणतं चित्र त्याला ओढतंय हे कळतं. वर्गाला जायच्या आधी पोटात गोळा येत असेल तर बहुधा दुसऱ्याचं चित्र आहे. वर्गानंतर उदास वाटत असेल तर चित्र स्वतःचं आहे, पण फार लांबचं.

लांबचं चित्र म्हणजे ‘फाडफाड बोलणारा मी’, किंवा त्याहून वाईट, ‘त्यांच्यातलाच वाटणारा मी’. उच्चारावरून कुणाला ओळखूच येऊ नये, हे ध्येय मोठेपणी शिकणाऱ्या फार थोड्यांना गाठता येतं आणि बाकीच्यांना कायम नापास ठेवतं. ते काढून टाका. त्या जागी ‘माझी भाषा वेगळी असलेला, पण काम नीट उरकणारा मी’ ठेवा.

चित्र लिहून काढा आणि त्यात जागा, माणूस, वेळ आणि कृती घाला. असं: ‘तीन महिन्यांनी मी दवाखान्याच्या खिडकीशी उभी आहे. दुखणं कधी सुरू झालं, कुठे दुखतं, कोणतं औषध चालू आहे, हे मी सांगते. एकदा अडते, वाक्य बदलते, पुढे जाते.’ अडण्याचा उल्लेख चित्रात असायलाच हवा. बिनचूक चित्र पहिल्या अडखळण्याला फाटतं.

आणि नुसतं चित्र रंगवत बसू नका. ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलंय की गोड कल्पनेतच रमलं तर अंगातला जोर उलट कमी होतो. चित्रानंतर लगेच अडथळा लिहायचा (‘ती बाई भरभर बोलेल आणि मी हो-हो म्हणेन’), आणि मग गोलविट्झर यांच्या पद्धतीचं ‘जर-तर’ वाक्य: ‘जर पहिलं वाक्य कळलं नाही, तर मी हात थोडा वर करून ते परत हळू सांगायला सांगेन.’ हे वाक्य नव्या भाषेत पाठ हवं. मातृभाषेतला निश्चय ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

सुतारपक्षी

कंदील यांचं चित्र चांगलं आहे, पण त्यात खिडकीपलीकडची बाई नुसतीच भरभर बोलते. प्रत्यक्षात ती तुच्छतेनंही बघू शकते. बोनी नॉर्टन यांनी १९९५ मध्ये कॅनडात आलेल्या पाच स्थलांतरित स्त्रियांच्या अभ्यासावरून हाच मुद्दा मांडला. त्यांना शिकायची इच्छा भरपूर होती. पण कुणाला बोलायचा हक्क आहे, कुणाचं ऐकून घेतलं जातं, हे त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून नॉर्टन प्रेरणेऐवजी ‘गुंतवणूक’ म्हणतात: माणूस भाषेत वेळ आणि जीव ओततो तो परताव्याच्या अपेक्षेनं, आणि परतावा समाज देतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. एखादी व्यक्ती एका ठिकाणी गप्प आणि दुसऱ्या ठिकाणी बोलकी असेल, तर ‘हिला प्रेरणाच नाही’ हे निदान रद्द करा. दोन ठिकाणांत काय वेगळं आहे ते लिहा: वरिष्ठ कोण, विषय कुणाचा, चुकल्यावर काय होतं. शिकणाऱ्याला ज्या विषयात समोरच्यापेक्षा जास्त कळतं तो विषय काढला तर पारडं बऱ्यापैकी समान होतं. शिवण, गाड्यांची दुरुस्ती, लहान मुलं सांभाळणं, हिशेब, काहीही. भाषेत कच्चा असलेला माणूस विषयात पक्का असू शकतो, आणि बोलताना त्याला तो आधार लागतो.

कंदील

सुतारपक्षी, मान्य. मी सगळा भार शिकणाऱ्यावर टाकला. चित्र लिहिताना समोरचा माणूसही निवडावा: पहिल्या महिन्यात सहनशील माणूस, खिडकी नंतर.

घडीव

आता मधल्या पठाराबद्दल, म्हणजे प्रगती थांबल्यासारखी वाटते त्या टप्प्याबद्दल, कारण बरेच जण तिथेच सोडतात.

सुरुवातीचे हजार शब्द सर्वाधिक वापरातले असतात, म्हणून ते आले की रोजच्या बोलण्याचा मोठा भाग उलगडतो. पुढच्या प्रत्येक हजारानं पडणारी भर कमी कमी होत जाते. मेहनत तितकीच, पण दिसणारा फरक थोडा. शिकणाऱ्याला वाटतं आपली कुवत संपली. कुवत तशीच असते, मोजपट्टी चुकलेली असते.

स्वतःच्या अंदाजावर तर इथे अजिबात विसंबू नये. मॅकइंटायर, नोएल्स आणि क्लेमाँ यांनी १९९७ मध्ये शिकणाऱ्यांनी स्वतःला दिलेले गुण आणि प्रत्यक्षात जमलेलं काम ताडून पाहिलं. चिंता जास्त असलेले स्वतःला कमी लेखत होते, निवांत असलेले स्वतःला आहे त्याहून जास्त समजत होते. आणि जो कमी लेखतो तो कमी बोलतो, कमी बोलल्यानं मागे पडतो, मग त्याचा अंदाज खरा ठरतो.

म्हणून बाहेरचा पुरावा ठेवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्याच प्रश्नावर ३ मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. ते लगेच ऐकू नका. आजचं आज ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात. तीन महिन्यांनी पहिलं आणि चौथं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका आणि तीनच गोष्टी मोजा: एका मिनिटात किती शब्द, दोन सेकंदांपेक्षा लांब किती थांबे, आणि वाक्य अर्धवट किती वेळा सोडलं. चुका मोजू नका, कारण माणूस जास्त अवघड वाक्यं करायला लागला की काही काळ चुका वाढतात. ते प्रगतीचंच लक्षण असतं.

नदीकाठ

एक शंका. ऐन वेळी छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं. आधी ते शांत करायचं आणि मग बोलायचं, की तसंच बोलायचं? शांत व्हायची वाट बघितली तर वेळ निघून जाते.

अनुस्वार

तसंच बोलायचं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत कामाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांचं गाणं आणि भाषण चांगलं झालं. धडधड दोन्हींत असते, तिला दिलेलं नाव बदलतं. भीतीवरून उत्साहावर जाणं जवळचं, शांततेवर जाणं फार लांबचं. शिवाय डवेल आणि मॅकइंटायर यांनी २०१४ मध्ये १,७४६ शिकणाऱ्यांची पाहणी केली. भाषेतला आनंद आणि भाषेची चिंता यांचा संबंध उलटा, पण बेताचाच निघाला. म्हणजे एकाच माणसाला एकाच तासात दोन्ही वाटू शकतात. चिंता शून्यावर आल्याशिवाय आनंद येणारच नाही असं नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग फोनचा, कारण चेहरा आणि हात दिसत नाहीत. त्यासाठी एक कागद करा. वर पहिलं वाक्य पूर्ण लिहा: मी कोण आणि फोन कशासाठी. हे एकच वाक्य पाठ, दहा वेळा मोठ्यानं म्हटलेलं. खाली फोनवर सांगावे लागतील ते आकडे, तारीख, नावाचं स्पेलिंग, नव्या भाषेत कसे म्हणतात तसे. उजवीकडे चार तयार वाक्यं: ‘जरा हळू सांगाल का’, ‘म्हणजे तुम्ही असं म्हणताय का की…’, ‘एक मिनिट, लिहून घेते’, आणि ‘तो शब्द आठवत नाही, पण ज्यानं अमुक करतात ते’. शेवटचं वाक्य फार उपयोगी आहे, शब्द विसरला तरी बोलणं थांबत नाही. ‘एक मिनिट, लिहून घेते’ म्हटल्यावर खरोखर लिहा. तेवढ्यात पुढचं वाक्य जुळतं आणि फट नैसर्गिक वाटते.

फोन ठेवण्याआधी ठरलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे मंगळवारी, साडेदहा वाजता, दुसरा मजला.’ समोरचा ‘हो’ म्हणाला की काम झालं. मग कागदाच्या खाली, जो शब्द मिळाला नाही तो एकच लिहा आणि पुढच्या फोनच्या कागदावर वरच्या ओळीत घ्या.